सहा दोऱ्या आणि बारा सेंटिमीटर: वर्गमुळातल्या अंतरांचा क्रम लावताना उत्तरसूची कुठे चुकली

पार्श्वभूमी

नववीच्या विद्यार्थ्यांच्या एका गणित कार्यशाळेतलं हे प्रकरण. करण्या (√२, √५ यांसारखी पूर्ण न सुटणारी मुळं) शिकवून झाल्या होत्या, पायथागोरसचं प्रमेय मुलांच्या अंगवळणी पडलं होतं आणि दोन्ही एकत्र वापरायला लावणारी एक कृती शिक्षकांना हवी होती. मैदानावर फक्कीने एक-एक मीटरच्या चौकटी आखायच्या, रेषा जिथे छेदतात अशा एका जागी मुख्य खुंटी रोवायची आणि तिथून सहा दोऱ्या ताणायच्या, असं ठरलं. अट एकच: दोऱ्या ताणण्याआधी गटांनी कागदावर त्यांच्या लांबीचा चढता क्रम लावून द्यायचा.

मुख्य खुंटी (०, ०) धरली, तर दोऱ्या अशा होत्या:

क: सरळ (४, ७) पर्यंत. लांबी √६५.
ख: (१, २) च्या खुंटीला वळसा घालून (४, ७) पर्यंत. √५ + √३४.
ग: (१, १) च्या खुंटीला वळसा घालून (४, ७) पर्यंत. √२ + √४५, म्हणजेच √२ + ३√५.
घ: (०, ४) च्या खुंटीला वळसा घालून (१, ८) पर्यंत. ४ + √१७.
च: (२, ३) च्या खुंटीला वळसा घालून (४, ७) पर्यंत. √१३ + √२०, म्हणजेच √१३ + २√५.
छ: रेषेवरून सरळ (८, ०) पर्यंत. लांबी ८.

विद्यार्थ्यांना फक्त खुंट्यांचे निर्देशक दिले होते, लांबी त्यांनीच काढायची होती. शेवटचे बिंदूही विचार करून निवडलेले होते. ६५ ही संख्या ४² + ७² अशीही लिहिता येते आणि १² + ८² अशीही, म्हणून (४, ७) आणि (१, ८) या दोन्ही खुंट्या मुख्य खुंटीपासून अगदी सारख्या अंतरावर येतात. नुसत्या नजरेने क्रम लागू नये, हा हेतू.

हेतू जरा जास्तच सफल झाला. सहाही दोऱ्या ८ मीटर आणि ८.१३ मीटर यांच्या मध्ये बसल्या. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब दोरीत फरक जेमतेम १२ सेंटिमीटर.

उत्तरसूची संगणकावरच्या तक्त्यात केली होती आणि रकाने दोन दशांश स्थळं दाखवत होते. छ ८.००, क ८.०६, ख ८.०७, च ८.०८, ग ८.१२, घ ८.१२. त्यावरून सूचीत उतरलं: छ < क < ख < च < ग = घ. शेजारच्या प्रत्येक जोडीला एक, असे पाच गुण होते.

अडचण

पाच गटांनी मिळून चार वेगळे क्रम दिले. यातल्या दोन गटांच्या चुका नेहमीच्याच होत्या, त्या आधी पाहू.

पहिल्या गटाने वर्गमुळांची बेरीज मुळाच्या आतच केली: √२ + √४५ = √४७, ४ + √१७ = √३३, √५ + √३४ = √३९. त्यामुळे वळसा घातलेल्या चारही दोऱ्या सात मीटरच्या आत आल्या आणि सरळ दोरी ठरली सगळ्यात लांब. दुसऱ्या गटाने प्रत्येक मूळ एका दशांश स्थळापर्यंत घेतलं. त्यांची ख झाली २.२ + ५.८ = ८.०, तर क झाली ८.१. उत्तरं वाचून दाखवताना मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, “सर, ख आणि क दोन्ही त्याच खुंटीला जातात ना? मग वळून गेलेली दोरी सरळ दोरीपेक्षा आखूड कशी?” त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठीच असते. दोन्ही गटांची उत्तरं त्या एका प्रश्नात निकालात निघाली.

खरी अडचण ग आणि घ या जोडीची होती. उरलेल्या तीनही गटांचे पहिले चार क्रमांक सूचीशी जुळत होते, शेवटचे दोन मात्र नाही.

तिसऱ्या गटाने √५ साठी २.२४ घेतलं, त्याला तीनने गुणलं आणि ६.७२ मिळवलं. त्यात १.४१ मिळवल्यावर ग झाली ८.१३, घ ८.१२. म्हणजे ग मोठी.

चौथ्या गटाने दशांश वापरलेच नाहीत. वर्ग करत करत ते ‘ग लहान’ या उत्तराशी पोहोचले आणि उत्तरसूची चुकली आहे, असं त्यांनी सांगितलं.

पाचव्या गटानेही वर्गच केले आणि त्यांचं उत्तर आलं ‘ग मोठी’.

सूची म्हणते समान, एक सिद्धता म्हणते लहान, दुसरी म्हणते मोठी. आणि पाचव्या गटाची मांडणी वरवर पाहता चौथ्या गटाइतकीच नीटनेटकी होती.

पुढे असलेले पर्याय

पहिला पर्याय होता सूचीवर ठाम राहण्याचा. दोन दशांश स्थळांपर्यंत दोन्ही सारख्या, मैदानावर कुणाला फरक दिसणार नाही, विषय संपला. हा पर्याय लगेच बाद झाला, आणि ते बरोबरच होतं. ‘समान’ हे विधान ‘लहान’ किंवा ‘मोठी’पेक्षा जास्त कडक असतं, त्यालाही सिद्धता लागते. ८.१२ आणि ८.१२ एवढ्यावरून इतकंच कळतं की फरक बारीक आहे. प्रत्येक मूळ दोन स्थळांपर्यंत घेतलं की त्यात ०.००५ पर्यंत चूक असू शकते. ग मध्ये दोन मुळं, घ मध्ये एक, म्हणजे तुलनेत ०.०१५ पर्यंतची चूक गृहीत धरायला हवी. त्यापेक्षा कमी फरकाबद्दल ही रीत काहीच सांगत नाही.

दुसरा पर्याय मैदानावर मोजून पाहण्याचा. मुलांना हाच सगळ्यात जास्त आवडला आणि हाच सगळ्यात फसवा होता. आधी चौकटीचंच पाहू. अक्षांमधला कोन ९० ऐवजी ९१ अंश झाला, तर क चा वर्ग ६५ राहत नाही. ६५ + ५६ × कोज्या (cos) ९१° म्हणजे सुमारे ६४.०२ होतो आणि दोरी ८.०६ मीटरवरून ८.००१ मीटरवर येते. एका अंशाने सहा सेंटिमीटर खाल्ले, क आणि छ जवळपास सारख्या झाल्या. काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने तपासला, तर एका अंशाची चूक कर्णावर चार सेंटिमीटरची दिसते, म्हणजे ती पकडता येते. पण कर्णावर एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालेलं सहसा कुणी मनावर घेत नाही, आणि तेवढ्यानेही क दीड सेंटिमीटरने सरकते.

मग टेप. आठ मीटर ताणलेली टेप मध्ये पाच सेंटिमीटर झोळली, तर वाचन सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढतं. ग आणि घ मधला खरा फरक आहे ०.७ मिलिमीटर. शिवाय खुंटी म्हणजे बिंदू नव्हे, तिला जाडी असते, आणि वळसा घालणारी दोरी तिच्या कडेवरून जाते. सुतळी ताणली की लांबते ते वेगळंच. मोजणीने छ आणि क वेगळ्या दाखवता येतील, च आणि ग सुद्धा. ग आणि घ कधीच नाही.

तिसरा पर्याय कॅल्क्युलेटरवर जास्त स्थळं घेण्याचा. ग ८.१२२४, घ ८.१२३१. उत्तर मिळतं आणि ते बरोबरही आहे. प्रश्न असा की किती स्थळांवर थांबायचं, हे आधी कसं ठरवणार? तीन स्थळांवर ग ८.१२२ आणि घ ८.१२३ येते. क्रम बरोबर लागतो, पण तो ग्राह्य नाही, कारण फरक ०.००१ चा आणि संभाव्य चूक ०.००१५ ची. योगायोगाने बरोबर आलेलं उत्तर आणि सिद्ध झालेलं उत्तर कागदावर सारखंच दिसतं.

चौथा पर्याय दोन्ही बाजूंचे वर्ग करून मुळं एकेक करून घालवण्याचा. इथे कुठलीही आसन्न (अंदाजे) किंमत लागत नाही, पण पायरी चुकली तर उत्तर थेट उलटं होतं. तसं झालंही होतं.

अनुबद्ध जोडीने (मधलं चिन्ह बदललेल्या त्याच दोन पदांनी) गुणून पाहण्याची एक सूचनाही आली. √४५ − √१७ = २८/(√४५ + √१७) आणि ४ − √२ = १४/(४ + √२), म्हणून तुलना उरते ८ + २√२ आणि √४५ + √१७ यांची. मार्ग बरोबर आहे, फक्त पुन्हा दोन मुळांच्या बेरजेपाशीच आणून सोडतो. तो तिथेच ठेवला.

काय केलं

शिक्षकांनी चौथा पर्याय घेतला, आणि चौथ्या व पाचव्या गटाची मांडणी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली. पहिली पायरी दोघांची एकच:

ग² = २ + ४५ + २√९० = ४७ + √३६०
घ² = १६ + १७ + ८√१७ = ३३ + √१०८८

इथवर धोका नाही. दोन्ही लांब्या धन आहेत, म्हणून ज्याचा वर्ग मोठा ती लांबी मोठी. मुळांबाहेरचे गुणक मुळाच्या आत घेतले आहेत, हेही चांगलं: २√९० आणि ८√१७ असं ठेवलं असतं, तर पुढे गुणकांची गल्लत व्हायची.

पुढच्या ओळीला वाटा वेगळ्या झाल्या. चौथ्या गटाने ३३ डावीकडे नेले:

१४ + √३६० आणि √१०८८

दोन्ही बाजू धन. पुन्हा वर्ग: १९६ + ३६० + २८√३६० आणि १०८८. म्हणजे २८√३६० आणि ५३२. अठ्ठावीसने भागलं की √३६० आणि १९. शेवटचा वर्ग: ३६० आणि ३६१.

सगळा वाद एकावर येऊन ठेपला. ३६० लहान, म्हणून ग लहान.

पाचव्या गटाने मुळं एका बाजूला आणि पूर्णांक दुसऱ्या बाजूला घेतले, जसं समीकरण सोडवताना घेतात:

√३६० − √१०८८ आणि −१४

मग वर्ग केले: १४४८ − २√३९१६८० आणि १९६. ते पुढे ६२६ आणि √३९१६८० वर आले, ६२६² = ३९१८७६ काढलं, ते मोठं निघालं आणि निष्कर्ष लिहिला की डावी बाजू मोठी. आकडेमोडीत एकही चूक नाही. पण √३६० − √१०८८ ऋण आहे, −१४ ही ऋण आहे, आणि दोन ऋण संख्यांत जिचा वर्ग मोठा ती संख्या लहान असते. वर्ग करण्याच्या ओळीवर चिन्ह उलटायला हवं होतं. तेवढं केलं, तर त्यांचंही उत्तर ‘ग लहान’ असंच येतं.

या टप्प्यावर एक छोटा पण महत्त्वाचा निर्णय झाला. पाचव्या गटाचं काम पुसून चौथ्या गटाचं ठेवण्याऐवजी प्रत्येक वर्गाच्या ओळीआधी समासात एक खूण करायची असं ठरलं: दोन्ही बाजू धन असतील तर ‘ध’, दोन्ही ऋण असतील तर ‘ऋ’ आणि ‘ऋ’ असेल तर चिन्ह उलटं. एक बाजू धन आणि दुसरी ऋण असेल, तर वर्ग करायचंच नाही, उत्तर समोरच असतं. समीकरणांची सवय लागलेल्या मुलांना हे आपोआप सुचत नाही. समीकरणात वर्ग केल्याने जास्तीचं उत्तर आलं, तर ताळा करताना ते गळून पडतं. तुलनेत ताळा करायला काही उरतच नाही.

त्याच ताळ्याची सोय म्हणून दुसऱ्या बाजूने एक पडताळणी जोडली. मुळांच्या जवळच्या किमती न घेता वरची आणि खालची मर्यादा घ्यायची:

√२ < १.४१४३, कारण १.४१४३² = २.०००२...
√४५ < ६.७०८३, कारण ६.७०८३² = ४५.००१२...
√१७ > ४.१२३१, कारण ४.१२३१² = १६.९९९९...

म्हणून ग < ८.१२२६ आणि घ > ८.१२३१. दोन्ही मर्यादांमध्ये फट राहिली, म्हणजे क्रम पक्का. हेच तीन स्थळांच्या मर्यादांनी केलं, तर ग < १.४१५ + ६.७०९ = ८.१२४ आणि घ > ८.१२३ मिळतं. फट राहत नाही, निष्कर्ष निघत नाही. चार स्थळं का लागली, याचं उत्तर यात आहे. तीन स्थळांवर कॅल्क्युलेटरने दिलेला बरोबर क्रम का मान्य केला नाही, याचंही.

बाकीच्या जोड्यांना फार वेळ लागला नाही. छ < क: ६४ < ६५. क < ख: त्रिकोणाची असमानता, आकडेमोडच नको, केलीच तर √६८० आणि २६, म्हणजे ६८० आणि ६७६. ख < च: ३९ + √६८० आणि ३३ + √१०४० वरून √६८० आणि २७ उरतात, ६८० < ७२९. च < ग: शेवटी ४८४ आणि २८√३६० उरतात, √३६० हे १८ पेक्षा मोठं, म्हणून उजवी बाजू निदान ५०४.

एक किरकोळ गोष्टही याच वेळी सापडली. एका गटाच्या कच्च्या कागदावर क ची लांबी √६३ होती (७² = ४७ लिहिलं गेलं होतं) आणि त्यामुळे क आधी छ च्या खाली गेली होती. अशी चूक मोजणी न करता पकडता येते. पूर्ण वर्गाला चारने भागलं की बाकी ० किंवा १ उरते, म्हणून दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेची बाकी कधी ३ नसते. ६३ ची बाकी ३ आहे. चौकटीवरच्या कुठल्याही दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर √६३ असूच शकत नाही.

निष्पत्ती

पक्का क्रम ठरला: छ < क < ख < च < ग < घ. उत्तरसूचीतलं ‘=’ काढलं. गुणांचा प्रश्न मात्र इतका सरळ नव्हता. सूचीच चुकीची असताना शेवटच्या जोडीचा गुण कुणाला द्यायचा? एक मत होतं की तो गुण सगळ्यांना द्यावा. ते मानलं गेलं नाही. गुण फक्त चौथ्या गटाला मिळाला. पाचव्या गटाला अर्धा, कारण त्यांची रीत पूर्ण होती आणि चूक एकाच ओळीत होती. तिसऱ्या गटाला काही नाही. पहिल्या दोन गटांचा प्रश्न वेगळा होता, त्यांना क आणि ख ची जोडी त्रिकोण काढून पुन्हा सोडवायला दिली.

तिसऱ्या गटाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण त्यांची चूक वर्गात सर्रास दिसते. √४५ थेट दोन स्थळांपर्यंत घेतलं तर ६.७१ येतं. ३√५ असं सोपं रूप दिलं, √५ ला २.२४ मानलं आणि मग तीनने गुणलं, तर ६.७२. २.२४ मध्ये जेमतेम ०.००४ ची चूक आहे, गुणाकाराने ती तिप्पट होऊन ०.०१२ झाली. करणीचं सोपं रूप देणं सजातीय (मुळाखाली एकच संख्या असलेल्या) करण्यांच्या बेरजेसाठी उपयोगी, तुलनेसाठी मात्र गुणक मुळाच्या आत असलेला बरा. ३√५ आणि √४५ या एकाच संख्या आहेत, पण कधी पूर्णांकन केलं यावर त्यांची दशांश रूपं वेगळी पडतात.

दोऱ्या शेवटी ताणल्याही. छ, क आणि ग टेपने नीट वेगळ्या झाल्या. ग आणि घ दोनदा मोजल्या, एकदा ग मोठी आली, एकदा घ.

वेगळं काय करता आलं असतं

सूची करताना रकान्यांची स्थळं वाढवली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता, हे खरं. पण तो उपाय याच आकड्यांपुरता आहे. उत्तरसूचीत ‘=’ लिहिण्याआधी एकदा वर्ग करून पाहणं, हा नियम जास्त टिकाऊ. दोन करण्यांच्या बेरजा दोन दशांश स्थळांवर जुळल्या, तर बहुतेक वेळा त्या समान नसतात, नुसत्या जवळ असतात.

दुसरं म्हणजे, जोडी-जोडीने वर्ग करत बसण्याऐवजी सगळ्या लांब्यांचे वर्ग एकदाच लिहून काढले असते, तर काम निम्म्याने कमी झालं असतं:

छ² = ६४
क² = ६५
ख² = ३९ + √६८०
च² = ३३ + √१०४०
ग² = ४७ + √३६०
घ² = ३३ + √१०८८

√६८० हे २६ आणि २७ यांच्या मध्ये, √१०४० हे ३२ आणि ३३ यांच्या मध्ये, √३६० हे १८ आणि १९ यांच्या मध्ये, √१०८८ हे ३२ आणि ३३ यांच्या मध्ये. म्हणजे खालचे चारही वर्ग ६५ आणि ६६ यांच्या मध्ये अडकले आहेत. छ आणि क हे पहिले दोन, हे इथेच ठरलं. आता प्रत्येक जण ६६ ला किती कमी पडतो, ते पाहायचं:

ख: २७ − √६८० = ४९/(२७ + √६८०)
च: ३३ − √१०४० = ४९/(३३ + √१०४०)
ग: १९ − √३६० = १/(१९ + √३६०)
घ: ३३ − √१०८८ = १/(३३ + √१०८८)

ख आणि च चे अंश सारखे, च चा छेद मोठा, म्हणून च ची तूट कमी आणि च लांब. ग आणि घ चे अंश सारखे, घ चा छेद मोठा, म्हणून घ लांब. च ची तूट ४९/६६ पेक्षाही जास्त, ग ची १/३७ पेक्षाही कमी. तिथे विचार करायलाच नको. चिन्ह उलटण्याचा धोका नाही, मोठे आकडे नाहीत, आणि ग व घ इतक्या जवळ का आल्या तेही उघड दिसतं: ३६० आणि १०८८ या दोन्ही संख्या पूर्ण वर्गाला एकाने कमी आहेत. ही मांडणी वाद मिटल्यावर सुचली. आधी सुचली असती, तर पाचव्या गटाच्या चुकीवरची चर्चा झाली नसती, आणि ती चर्चा फुकट गेली असं म्हणवत नाही. तरी पुढच्या वेळी फळ्यावर आधी हीच जावी.

तिसरं, मैदानाची पडताळणी कुठल्या जोड्यांपुरती, हे कृतिपत्रिकेतच लिहायला हवं होतं. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी फरकाच्या जोड्या टेपला विचारायच्याच नाहीत. त्या हिशोबाने छ-क आणि च-ग एवढ्याच जोड्या मोजण्याजोग्या उरतात, आणि त्यातही छ-क साठी काटकोन आधी तपासायला हवा.

या रीतीची मर्यादाही शिक्षकांच्या टिपणात असावी. दोन्ही बाजूंना दोन-दोन मुळं असली, तर तीनदा वर्ग केल्यावर पूर्णांकांची तुलना उरते. एकेका बाजूला पाच-सहा मुळं आली, की वर्ग करून मुळं कमी होण्याऐवजी वाढत जातात आणि हाताने हिशोब आवाक्याबाहेर जातो. वर्गमुळांच्या बेरजांची तुलना कुठल्याही परिस्थितीत झटपट करून देणारी रीत आहे का, किती दशांश स्थळं पुरतील याची चांगली हमी देता येते का, हा संगणकशास्त्रात अजून न सुटलेला प्रश्न आहे. चौकटीवर बरेच वळसे घेत जाणाऱ्या दोन वाटांपैकी आखूड कोणती, इतका साधा दिसणारा प्रश्न तिथे जाऊन थडकतो. त्यामुळे नववीच्या कृतिपत्रिकेत वळशाची खुंटी एकच ठेवणं शहाणपणाचं.

सुधारलेल्या कृतिपत्रिकेत घ ची दोरी तशीच ठेवली, फक्त प्रत्येक जोडीसमोर ‘शेवटी कोणते दोन पूर्णांक उरले?’ असा रकाना आला. आणि कागदावरच सोडवायची एक जोडी वाढवली: √५ + √१८ आणि √१० + √११. दोन स्थळांवर दोन्ही ६.४८, प्रत्येक मूळ तीन स्थळांपर्यंत घेतलं तर दोन्ही ६.४७९. वर्ग केले की २३ + √३६० आणि २१ + √४४०, आणि ४२ ला पडणारी तूट अनुक्रमे १/(१९ + √३६०) आणि १/(२१ + √४४०). जोडी-जोडीने वर्ग करत गेलं, तर रकान्यात पुन्हा तेच दोन आकडे येतात: ३६० आणि ३६१.